सुटली की सोडली?

आठवीचा वर्ग होता. तुम्ही कुठे राहता ते इंग्रजीतून एका वाक्यात सांगा, असं आम्ही मुलांना म्हटलं. आमच्याच भागातून येणारी एक मुलगी धीटपणे उभी राहिली आणि म्हणाली, "आय लव्ह इन कोलशेत." वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरचा एक हुशार मुलगा तिची चूक सुधारायला उठला. तोही कोलशेतचाच. तो म्हणाला, "टीचर, ऐसा नहीं. आय लीव्ह इन कोलशेत."

म्हणजे एकीचं कोलशेतमध्ये प्रेम होतं आणि दुसरा कोलशेत सोडून निघाला होता. राहत मात्र तिथे कुणीच नव्हतं!

आम्हीही हसलो. पण ताबडतोब चूक म्हणून पुढे जाणं जिवावर आलं. मुलीची वही मागून घेतली. तिने इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर शिसपेन्सिलीने बारीक उर्दू अक्षरांत उच्चार लिहून ठेवला होता. उर्दू शाळेतली बहुतेक मुलं असंच करतात. आम्हीही केलं आहे. तिथे दोनच अक्षरं होती, लाम आणि वाव. आता हे लिखाण वाचायचं कसं? उर्दूत ऱ्हस्व स्वर अक्षरात लिहिले जात नाहीत. जबर, जेर, पेश या खुणा असतात, पण त्या कुराणशरीफात आणि पहिलीच्या पुस्तकात. एरवी लिहिताना त्या कुणी देत नाही, कारण शब्द ओळखीचा असतो आणि वाचणारा आपसूक बरोबर वाचतो. लाम-वाव म्हणजे 'लो', घ्या. लाम-वाव म्हणजे 'लौ', दिव्याची ज्योत. लाम-वाव म्हणजेच 'लू', उन्हाळ्यातला गरम वारा. एवढे तीन अर्थ असलेल्या दोन अक्षरांत त्या मुलीने इंग्रजीचा 'लिव्ह' कोंबला आणि वाचताना त्याचा 'लव्ह' झाला. यात तिचा काय दोष? तिने कागदावर प्रामाणिकपणे ऐकलेलं लिहिलं आणि प्रामाणिकपणे लिहिलेलं वाचलं. मध्ये जो एक जेर गळला, त्याने घोटाळा केला.

आमचं भाषांचं घर चार खोल्यांचं आहे. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी, आणि अर्ज करायची वेळ आली की इंग्रजी. उर्दू शाळेत वाढल्यामुळे 'हम' म्हणायची सवय लागली, ती मराठीत 'आम्ही' होऊन आली. वाचकांनी तो मोठेपणा समजू नये. या खोल्यांतून ये-जा करताना उंबरठे लागतात आणि अंधारात ठेच लागते ती उंबरठ्यालाच.

आम्ही इंग्रजीचं पहिलं अक्षर गिरवलं ते पाचवीत. २००० साली महाराष्ट्रात सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा आम्ही सहावीत होतो. म्हणजे जुन्या गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेली आमची पिढी. घरात इंग्रजीचं एकच पुस्तक होतं, अब्बांनी जुन्या बाजारातून आणलेलं रॅपिडेक्स. त्याची पहिली काही पानं गेलेली होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचं नाव अब्बा फार आदराने घ्यायचे, पण ती त्यांना कधी मिळाली नाही. पुढे आम्ही बी.एड. केलं. तिथे शिकवलं गेलं की, इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोला, मुलांच्या भाषेचा आधार घेऊ नका. पाठ निरीक्षणाच्या दिवशी आम्ही तसं केलंही. पण खऱ्या वर्गात पन्नास मुलं समोर असतात आणि त्यांच्या डोक्यात तीन भाषा आधीच बसलेल्या असतात. त्यांना बाहेर थांबवून इंग्रजीला एकटीला आत कसं घ्यायचं, ते मात्र कुणी शिकवलं नाही.

त्यापेक्षा आम्ही उलटं करायचं ठरवलं. जे आहे त्याच्याच मदतीने जे नाही ते शिकवायचं.

घटक चाचणीनंतरची गोष्ट. एका मुलाने 'मला बरं वाटतं' हे इंग्रजीत म्हणताना "आय फेल वेल" असं म्हटलं. मी चांगलाच नापास होतो, असा त्याचा अर्थ झाला. आणि त्याचे मार्क पाहता तेही खोटं नव्हतं! त्याच्याही वहीत फे-ये-लाम लिहिलेलं होतं. शब्दाच्या मधला 'ये' हा 'ई'चाही आवाज देतो आणि 'ए'चाही. त्यामुळे वाटणं, नापास होणं आणि 'पडणे'चा इंग्रजी भूतकाळ ही तिन्ही क्रियापदं आमच्या लिपीत एकाच पोशाखात येतात. देवनागरीत हा घोटाळा होत नाही. 'फील' वेगळं, 'फेल' वेगळं. म्हणून आम्ही मुलांना सांगितलं, इंग्रजी उच्चार लिहायचाच असेल तर मराठीच्या तासाला शिकता त्या अक्षरांत लिहा. मुलं आधी बिचकली. मराठी ही फक्त मराठीच्या पेपरापुरती, असा त्यांचा समज होता. ती इंग्रजीच्या कामाला येते हे त्यांना नवीन होतं.

पण प्रत्येक वेळी देवनागरीच सरस असते असं नाही. इंग्रजीत 'हरवणे' या क्रियापदाला एकच 'ओ' आहे आणि शेवटचा आवाज 'झ'चा. 'सैल' या शब्दाला दोन 'ओ' आहेत आणि शेवटी 'स'. मोठमोठ्या पदवीधरांच्या पत्रांत या दोघांची अदलाबदल झालेली दिसते. आमच्या मुलांना मात्र हा फरक एका मिनिटात कळला. एक 'झे'चा, दुसरा 'सीन'चा. तसंच सल्ला देणे आणि सल्ला. क्रियापदाला 'झे', नामाला 'सीन'. उर्दूत या आवाजांची अक्षरं वेगवेगळी आहेत, मुलांच्या जिभेला ती लहानपणापासून ठाऊक आहेत. त्या दिवशी वर्गातली मुलं ताठ बसली होती. आपल्या भाषेमुळे आपल्याला काही तरी लवकर समजतं, हे त्यांना कुणी याआधी सांगितलं नसावं. उर्दू माध्यम म्हणजे मागे राहणं, एवढंच ती ऐकत आली होती.

मराठीचे उंबरठेही काही कमी उंच नाहीत. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'शिर' म्हणजे डोकं आणि 'शीर' म्हणजे नस. 'पाणि' म्हणजे हात आणि 'पाणी' म्हणजे जल. एका मुलीने मराठीच्या पेपरात 'दीन' या शब्दाचा अर्थ 'मजहब' असा लिहिला आणि तिचा एक गुण गेला. तिच्या घरातला अर्थ बरोबर होता, पेपरातला चुकला. आम्ही तिला समजावलं, बेटा, उत्तर खोटं नाही, फक्त खोली चुकली.

लिपीने केलेले घोटाळे असे लिपीनेच सोडवता येतात. कानाने केलेले काही घोटाळे अर्थाकडे पाहून सुटतात. उदाहरणार्थ 'अडॉप्ट' आणि 'अडॅप्ट'. पहिलं म्हणजे दत्तक घेणं, आपलंसं करणं. दुसरं म्हणजे जुळवून घेणं. 'ओ'चं तोंड गोल होतं, त्यात बाहेरचं आत घेतलं जातं. 'ॲ' म्हणताना जबडा आडवा ताणावा लागतो, म्हणजे आपल्यालाच बदलावं लागतं. हे काही व्याकरण नव्हे, नुसती लक्षात ठेवायची युक्ती. पण मुलांना ती आवडली. मुंब्र्याहून ठाण्यात राहायला आलेल्या एका मुलीने लगेच वाक्य केलं, आम्ही नवीन मोहल्ल्याशी 'अडॅप्ट' झालो, मोहल्ल्याने आम्हाला अजून 'अडॉप्ट' केलेलं नाही. आम्ही तिला पूर्ण गुण दिले.

खरी परीक्षा 'राइझ' आणि 'रेझ' या जोडीपाशी सुरू झाली. इंग्रजी शिकणारी मुलं इथे हमखास अडखळतात. सूर्य 'राइझ' होतो, पण हात 'रेझ' करावा लागतो. पाठ्यपुस्तकातला नियम असा की, पहिलं अकर्मक आणि दुसरं सकर्मक. मुलांनी तो पाठ केला आणि दुसऱ्या दिवशी "आय राइझ माय हँड" म्हणत हात वर केले.

मग आम्ही फळ्याचे दोन भाग केले. एकीकडे मराठी क्रियापदं लिहिली: पडणे, मरणे, जळणे, तुटणे, फुटणे, सुटणे. दुसरीकडे पाडणे, मारणे, जाळणे, तोडणे, फोडणे, सोडणे. शेजारी उर्दू लिहिलं: गिरना आणि गिराना, टूटना आणि तोडना, छूटना आणि छोडना. मुलांना विचारलं, डावी आणि उजवी बाजू यांत काय फरक आहे? थोडा वेळ कुणी बोलेना. मग पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "टीचर, इधर अपने आप हुआ, उधर किसी ने किया."

यापेक्षा चांगली व्याख्या आम्हाला बी.एड.च्या कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती.

इंग्रजीतही नेमकं हेच आहे. 'सिट' म्हणजे आपण बसणं, 'सेट' म्हणजे एखादी वस्तू बसवणं. 'फॉल' म्हणजे पडणं आणि 'फेल' म्हणजे झाड तोडून पाडणं. 'लाय' म्हणजे आपण आडवं होणं आणि 'ले' म्हणजे एखादी वस्तू आडवी ठेवणं, कोंबडीने अंडं घालणं. फार जुन्या इंग्रजीने शब्दाच्या पोटातला स्वर बदलून या जोड्या तयार केल्या. आपल्या मराठीनेही 'पडणे'तल्या 'प'ला काना देऊन 'पाडणे' केलं, 'तुटणे'तल्या 'तु'चा 'तो' केला. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना एकच युक्ती सुचली. त्यात 'लाय' आणि 'ले' यांचा एक खट्याळपणा असा की, आडवं होण्याचा भूतकाळही 'ले'च होतो, आणि खोटं बोलणारा आणखी एक 'लाय' तिसऱ्या बाजूला टपून बसलेला असतो. मूळ इंग्रजी बोलणारेही इथे चुकतात, हे ऐकल्यावर मुलांना फार समाधान वाटलं.

तेव्हापासून आमच्या वर्गात एक प्रश्न रूढ झाला. क्रियापद आलं की आधी विचारायचं, किसने किया? कुणी केलं? उत्तर मिळालं आणि ज्याच्यावर केलं तेही सापडलं, तर उजवीकडची बाजू. नाहीतर डावीकडची.

हा प्रश्न घेऊन आम्ही कोलशेतकडे पाहू लागलो, तेव्हा रोजचा रस्ता वेगळा दिसायला लागला. सकाळी घरून निघायचं, हवाई दलाच्या तळाच्या भागातून शेअर रिक्षाने कापूरबावडीला यायचं आणि तिथून मेट्रोच्या खांबांच्या कडेने शहरातल्या शाळेत. आमच्या लहानपणी कोलशेत रोड म्हणजे कारखान्यांचा रस्ता होता. रंगांचे, रसायनांचे, औषधांचे कारखाने. पाळी सुटली की सायकलींची रांग लागायची. एका टोकाला खाडी आणि कोळीवाडा, दुसऱ्या टोकाला भोंगा. आज त्या जमिनींवर मोठमोठी संकुलं आहेत. वरचा मजला पाहायचा तर टोपी पडेल इतकी उंच. लोक म्हणतात, कारखाने बंद पडले, टॉवर उभे राहिले. दोन्ही क्रियापदं डावीकडची! जणू कारखाने झोप आली म्हणून निजले आणि टॉवर पावसाळ्यातल्या गवतासारखे आपोआप उगवले. पण आमच्या वर्गातल्या एका मुलाचा बाप त्याच टॉवरात फरशी बसवत होता आणि दुसरीचा मामा प्लास्टर करत होता. मुलांना विचारलं तर ती बरोबर सांगतील, इमारत 'राइझ' झाली नाही, माणसांनी 'रेझ' केली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. एका सोमवारी मात्र आमचा हा सोपा प्रश्न आमच्यावरच उलटला.

आठवड्यातून एकदा आम्ही वर्गात इंग्रजी वर्तमानपत्र नेतो. मुलांनी मथळे मोठ्याने वाचायचे आणि त्यांचा उर्दूत किंवा मराठीत अर्थ सांगायचा. त्या दिवशी ठाण्याच्याच एका भागातली छोटी बातमी होती. मथळ्यात झोपड्यांचा आकडा होता आणि शेवटी शब्द होता, 'रेझ्ड'. एका मुलीने वाचलं आणि आम्ही शिकवल्याप्रमाणे झटकन अर्थ सांगितला, "इतने झोपडे खडे किए गए." घरं उभी केली गेली. नियमाप्रमाणे अगदी अचूक. कुणी तरी केलं, म्हणजे उजवी बाजू.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. हा मुलगा वर्गात सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "टीचर, खडे नहीं किए. गिराए. हमारा भी था."

वर्ग गप्प झाला. आम्हालाही काही क्षण शब्द सुचला नाही. त्याचं घर त्या आकड्यातलं एक होतं. ज्या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहायचा, तो त्याने डोळ्यांनी पाहिला होता.

इंग्रजीत 'रेझ' असे दोन आहेत. कानाला तंतोतंत एक, तसूभरही फरक नाही. एकात 'एस' आहे, तो उभारणारा. दुसऱ्यात 'झेड' आहे, तो जमीनदोस्त करणारा. उलट्या अर्थाचे दोन शब्द एका आवाजात. असा विनोद भाषेने का करावा, कोण जाणे. पाडणारा 'रेझ' फ्रेंचमधून आला. खरवडणं, तासणं असा त्याचा मूळ अर्थ. दाढीच्या 'रेझर'चंही कूळ तेच. वस्तरा जशी हनुवटी साफ करतो, तशी जमीन साफ करणं.

आवाजाने फरक कळत नाही तेव्हा काय करायचं, हे उर्दूच्या मुलांना खरं तर सांगावं लागत नाही. आंबा तो 'आम' आणि सर्वसामान्य तोही 'आम'. एक अलिफचा, दुसरा ऐनचा. 'नजर' म्हणजे दृष्टी, ती 'झोय'ची. भेट किंवा नवस तीही बोलताना नजरच होते, पण लिहायची 'झाल'ने. कानाने सोडून दिलेलं डोळ्याने पकडायचं, ही आमच्या लिपीची रीतच आहे. आम्ही फळ्यावर दोन्ही 'रेझ' लिहिले आणि विचारलं, 'झेड'चा कुठला आहे ते लक्षात कसं ठेवाल? आम्ही 'रेझर' सांगणारच होतो. तेवढ्यात तो मागच्या बाकावरचा मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, "बुलडोझर में भी झेड होता है, टीचर."

खरंच होतं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात हा शब्द कुणी चुकलेलं नाही. पण शिकवण्याचा आनंद जो एरवी होतो, तो त्या दिवशी झाला नाही. तास संपल्यावर आम्ही त्याला बाहेर बोलावलं. आता कुठे राहता, विचारलं. मामाकडे, म्हणाला. पुस्तकं आहेत का? भूगोलाचं नाही, म्हणाला. आम्ही भूगोलाचं पुस्तक मिळवून दिलं. याहून जास्त आमच्या हातात काही नव्हतं. त्या रात्री मनात आलं, आपण मुलांना विचारायला शिकवलं, कुणी केलं? त्या मथळ्यात झोपड्यांचा आकडा होता, क्रियापद होतं, पण कर्ता नव्हता. प्रश्न आपल्याकडे आहे, उत्तर छापलेलंच नाही.

आणि मग जी गोष्ट आम्ही वर्गात कधी सांगितली नाही, तीही सांगायला हवी.

२००१ सालची गोष्ट. आम्ही सातवीत होतो. अब्बा कोलशेत रोडवरच्या एका कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली कामाला होते. म्हसळ्याकडून निरोप आला की दादी आजारी आहे. किती दिवस लागतील सांगता येत नव्हतं. कंत्राटदाराने लेखी अर्ज मागितला, तोही इंग्रजीत. अब्बांनी मोठ्या अभिमानाने तो आमच्याकडून लिहून घेतला. मुलगी इंग्रजी शिकते आहे, मग दुसऱ्याचे पाय कशाला धरायचे! आम्ही रॅपिडेक्स समोर ठेवून, तीन वेळा कच्चं लिहून, चौथ्यांदा शाईने पक्कं केलं. आईच्या आजारपणाचं वाक्य लिहिलं. त्याखाली लिहिलं, "आय वॉन्ट टू लीव्ह सर्व्हिस फ्रॉम मंडे." अब्बांनी खाली उर्दूत सही केली. शाबासकी म्हणून आम्हाला पाच रुपये दिले.

दादी वाचली. बारा दिवसांनी अब्बा परत आले आणि कामावर गेले. दुपारीच घरी आले. अम्मीला म्हणाले, "नोकरी सुटली." एवढंच. त्यानंतर वर्षभर भाड्याची रिक्षा, मग स्वतःची. आमचं शिक्षण त्या रिक्षाने केलं. घरात जेव्हा जेव्हा तो विषय निघे, अब्बा तेच क्रियापद वापरत. सुटली. जसा हातातून पेला सुटतो, जशी गाडी सुटते.

बी.एड.च्या वर्षी एका सराव पाठात अर्जलेखन शिकवायचं होतं. तयारी करताना एका जागी हात थांबला. 'लीव्ह' हे नाम असेल तर रजा आणि क्रियापद असेल तर सोडणं. अलीकडे 'टू' आलं आणि पलीकडे 'सर्व्हिस' आली की रजेचा राजीनामा होतो. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा कागद डोळ्यांसमोर आला. कारखान्याचं फाटक, कंत्राटदाराचा माणूस आणि त्याच्या हातात आमचं वळणदार अक्षर. अब्बांना तिथे काय ऐकवलं गेलं असेल ते आता कळलं. नोकरी सुटली नव्हती. कागदावर ती अब्बांनी सोडली होती आणि ते वाक्य आम्ही लिहिलं होतं.

त्या रात्री अब्बांना विचारलं. ते जेवत होते. घास तोंडात होता तो खाऊन झाल्यावर म्हणाले, "तुला आज कळलं?" त्यांना तेव्हाच कळलं होतं. फाटकावरच त्यांना कागद वाचून दाखवला होता आणि अर्थही सांगितला होता. त्यांनी सांगून पाहिलं की मुलीने लिहिलंय, तिला रजा म्हणायचं होतं. आईच्या आजाराचं वाक्य तर वरच होतं. "त्याला माणसं कमी करायची होती, बेटा. त्याला कागद हवा होता. तुझा नसता मिळाला तर दुसरा कुठला मिळाला असता. तुझं इंग्रजी चुकलं, त्याची नियत चुकली. दोन्ही एक कसं होईल?"

आम्ही म्हटलं, मग तुम्ही इतकी वर्षं सुटली, सुटली का म्हणत राहिलात?

ते हसले. म्हणाले, "सोडली म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का सोडली. काढली म्हटलं असतं तर विचारलं असतंस, का काढली. सुटली म्हटलं की कुणी काही विचारत नाही."

आम्ही व्याकरणाची शिक्षिका होणार होतो आणि सातवी शिकलेल्या आमच्या अब्बांनी अकर्मक क्रियापदाचा खरा उपयोग बारा वर्षं आधीच शोधून काढला होता. मुलीच्या अंगावर दोष येऊ नये म्हणून त्यांनी कर्ताच पुसून टाकला.

तेव्हा 'कुणी केलं' हा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो खरा, पण आता जरा जपून विचारतो. बंद पडले, उभे राहिले, पाडले गेले असं जेव्हा मोठी माणसं मोठ्या गोष्टींबद्दल बोलतात, तेव्हा तो प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण तिथे कर्ता लपलेला असतो. आणि घरातला कुणी थकलेला माणूस 'सुटली' म्हणतो, तेव्हा कधी कधी तो विचारायचा नसतो, कारण तिथे कर्ता लपवलेला असतो, मायेने. शिक्षकाला दोन्ही ओळखता आलं पाहिजे. ते बी.एड.ला नव्हतं.

आठवीच्या मुलांना आम्ही दरवर्षी अर्जलेखन शिकवतो. रजेचा अर्ज प्रत्येकाकडून पाच वेळा लिहून घेतो. 'टू' कुठे घालायचं आणि कुठे नाही, यासाठी आम्ही इतके हट्टी का आहोत, हे मुलांना समजत नाही. कंटाळतात. एकाने तर विचारलं, "टीचर, एक छोटा सा टू, उससे क्या होता है?" आम्ही म्हटलं, लिही बेटा, सहाव्यांदा लिही.

कोलशेतची ती मुलगी आता नववीत गेली आहे. परवा रिक्षाच्या थांब्यावर भेटली. सलाम केला आणि स्वतःहूनच म्हणाली, "टीचर, आय लिव्ह इन कोलशेत." 'लि' अगदी ऱ्हस्व, जेर दिल्यासारखा. मग जरा थांबून म्हणाली, "पर अब्बू बोलते हैं, भाडा बढ गया तो लीव्ह करना पडेगा."

दोन्ही क्रियापदं तिने बरोबर वापरली होती. आम्ही तिला शाबास म्हटलं आणि रिक्षात बसलो.